विज्ञान प्रदर्शनासाठी तारापूर अणुवीज केंद्राची प्रतिकृती कशी करावी

ठाणे आणि नवी मुंबईतील शालेय विज्ञान प्रदर्शनांत अणुवीज केंद्राची प्रतिकृती मी अनेकदा पाहिली आहे. बटण दाबले की दिवा लागतो, पाते फिरते आणि विद्यार्थी शृंखला अभिक्रियेची (एका अणूच्या फुटण्यातून पुढचे अणू फुटत जाण्याची) व्याख्या म्हणून दाखवतो. परंतु बटण बंद केल्यावर अणुभट्टीत काय होते, हे त्यांपैकी एकाही प्रतिकृतीत मला दिसलेले नाही. अणुवीज केंद्राची रचना अशी का असते, याचे उत्तर मात्र त्या प्रश्नातच आहे. म्हणून पुढील मार्गदर्शन त्याला केंद्रस्थानी ठेवून केले आहे.

प्रथम कोणते संच (अणुभट्टी आणि तिचे टर्बाइन मिळून एक संच) दाखवायचे ते ठरवावे, कारण तारापूरला दोन निरनिराळ्या पिढ्यांच्या अणुभट्ट्या आहेत. १९६३ च्या भारत-अमेरिका करारानुसार उभारलेले पहिले दोन संच १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. त्यांत समृद्ध युरेनियम (सहज फुटणाऱ्या युरेनियम-२३५ चे प्रमाण वाढवलेले) वापरतात आणि साधे पाणी अणुभट्टीतच उकळून त्याची वाफ थेट टर्बाइनकडे जाते. चौथा आणि तिसरा हे प्रत्येकी ५४० मेगावॉटचे संच अनुक्रमे २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाले. भारतीय अभियंत्यांनी आखलेल्या या संचांत नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी (साध्याऐवजी जड हायड्रोजन असलेले पाणी) असते. जड पाणी दाबाखाली ठेवल्याने उकळत नाही. ते आपली उष्णता बाष्पजनित्रातील साध्या पाण्याला देते आणि त्या पाण्याची वाफ टर्बाइन फिरवते. शाळेसाठी मी हेच संच सुचवेन, कारण दोन्ही पाण्यांचे वेगळे मार्ग दोन रंगांच्या नळ्यांनी स्पष्ट दाखवता येतात.

इतिहासाचा फलक मात्र ट्रॉम्बेपासून सुरू करावा. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तेथे ‘अप्सरा’ ही आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक असलेली संशोधन अणुभट्टी कार्यान्वित झाली. वाशीच्या खाडीपुलावरून लोकलने जाताना ट्रॉम्बेचा डोंगर दक्षिणेला दिसतो, हे नवी मुंबईच्या मुलांना आवर्जून सांगावे. तारापूर आज पालघर जिल्ह्यात आहे. पण १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होते.

प्रतिकृतीत दोन चुका हमखास होतात. पहिली, डमरूच्या आकाराचा उंच शीतक मनोरा. तो तारापूरला नाही. टर्बाइनमधून आलेली वाफ थंड करण्यासाठी तेथे अरबी समुद्राचे पाणी घेतात, म्हणून मनोऱ्याऐवजी निळा समुद्र दाखवावा. दुसरी चूक दांड्यांची. पहिल्या दोन संचांत न्यूट्रॉन शोषून अभिक्रिया आवरणारे नियंत्रक दांडे खालून वर सरकतात, तर ५४० मेगावॉटच्या संचांत अणुभट्टी थांबवणारे दांडे वरून गुरुत्वाकर्षणाने खाली पडतात, आणि त्याशिवाय न्यूट्रॉन शोषणारे द्रावण सोडण्याची दुसरी स्वतंत्र व्यवस्था असते.

आता मुख्य फलक. अशा केंद्रात उष्णतेच्या सुमारे एक तृतीयांश भागाचीच वीज होते. म्हणजे ५४० मेगावॉट विजेसाठी साधारण १,६०० मेगावॉट उष्णता लागते. पुठ्ठ्यावर सोळा लाल एलईडी बसवावेत आणि प्रत्येक दिवा १०० मेगावॉट उष्णतेचा मानावा. ९ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर सर्व दिवे समांतर जोडून प्रत्येकाला १ किलोओहमचा स्वतंत्र रोधक लावावा. पंधरा दिवे एकाच बटणावर घ्यावेत आणि सोळावा बटणाला वगळून थेट जोडावा. बटण बंद करताच पंधरा दिवे विझतील आणि एक जळत राहील.

हा एक दिवा म्हणजे तापलेल्या तव्यात उरलेली ऊब नव्हे, हे विद्यार्थ्याने नीट समजून घेतले पाहिजे. विखंडन, म्हणजे अणूंचे फुटणे, थांबले तरी त्यातून आधीच तयार झालेले किरणोत्सारी तुकडे क्षय पावत राहतात आणि नवी उष्णता निर्माण करतात. थांबवल्याक्षणी ती मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के असते, तासाभरात दीड टक्क्याच्या आसपास येते आणि दिवसानंतरही सुमारे अर्धा टक्का उरते. कोणत्याही बटणाने ती बंद करता येत नाही. ती वाहून न्यावीच लागते.

११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमा दाइची येथे चालू असलेल्या तिन्ही अणुभट्ट्या भूकंप होताच आपोआप थांबल्या होत्या. त्यानंतर आलेल्या त्सुनामीने आपत्कालीन डिझेल जनित्रे निकामी केली, शीतकरण खंडित झाले आणि तिन्हींतील इंधन वितळले. म्हणून सोळाव्या दिव्याशेजारून नळी फिरवून त्यात लहान डीसी पंपाने पाणी खेळते ठेवावे, आणि तो पंप फलकाच्या अ‍ॅडॅप्टरवर न जोडता त्याला स्वतःची बॅटरी द्यावी. परीक्षक आले की विद्यार्थ्याने अ‍ॅडॅप्टरची पिन काढून दाखवावी: दिवे सगळे विझतील, पाणी मात्र वाहत राहील. खऱ्या केंद्रात सोळाव्या दिव्याची उष्णता तेव्हाही चालूच असते, हेही त्याने सांगावे.