रेडिएशनची तयारी, आणि स्तनाखालची ती घडी

आधी तेच सांगते जे मागच्या वेळी, स्तनाच्या कॅन्सरच्या रेडिएशनमध्ये, माझ्याकडून राहिलं: स्तनाखालची घडी. व्रण, काख, वरची बाजू सगळं रोज बघत होते, घडी कधी उचलून बघितली नाही, आणि चिघळली ती नेमकी तिथेच. आता दुसऱ्या बाजूचं रेडिएशन लागायचं आहे, म्हणून या वेळी खरेदीतली पहिली वस्तू म्हणजे हातात धरायचा छोटा आरसा. भिंतीवरच्या आरशात घडी दिसत नाही. एका हाताने स्तन वर उचलायचा, दुसऱ्या हाताने आरसा खालून धरायचा, दिवा लावून. तेव्हा कुठे दिसते.

घडीलाच का त्रास होतो हे समजून घ्या, म्हणजे पुढची निम्मी यादी पाठ करावी लागणार नाही. नेहमीच्या वापरातल्या 6 एमव्ही (मेगाव्होल्ट, म्हणजे किरणांची ताकद) किरणांचा सर्वांत जास्त डोस त्वचेवर पडत नाही, साधारण दीड सेंटिमीटर आत पडतो. त्यामुळे वरची कातडी बऱ्यापैकी वाचते. घडीत मात्र कातडीवर कातडी टेकलेली असते, म्हणजे किरणांच्या हिशेबाने ती आतली होते आणि डोस पुरेपूर घेते. त्यात घाम आणि दिवसभराचं घासणं. काखेच्या सुरकुतीचंही हेच. स्तन मोठा असेल तर घडी खोल, आणि धोकाही तेवढाच जास्त.

प्लॅनिंगच्या सीटी स्कॅनच्या आधी विचारायचे प्रश्न वेगळ्या कागदावर लिहून न्या, कारण स्कॅनमध्ये ज्या स्थितीत झोपवतात त्याच स्थितीत रोज झोपवतात आणि नंतर बदल मागितला तर सगळं पुन्हा करावं लागतं. स्तन मोठा असेल तर पालथं झोपून रेडिएशन देता येईल का, हे तेव्हाच विचारा. त्या स्थितीत स्तन खाली लोंबतो, घडी उघडते. प्रत्येक ठिकाणी ती सोय नसते, प्रत्येकीला चालतही नाही, पण विचारायला काय जातं? दुसरा प्रश्न सिटिंगचा, म्हणजे रेडिएशन किती खेपांत द्यायचं याचा. पूर्वी 25 सिटिंगमध्ये 50 ग्रे (ग्रे हे डोसचं माप) देत, आता बऱ्याच जणींना 15 मध्ये 40 ग्रे देतात, आणि ब्रिटनमधल्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीचे निकाल 2020 मध्ये आल्यापासून काहींना 5 मध्ये 26 ग्रे. सिटिंग कमी म्हणजे कातडी जास्त भाजणार, असं ऐकवणारे भेटतील. 15 सिटिंगची पद्धत कातडीला 25 पेक्षा सौम्यच जाते. बूस्ट, म्हणजे गाठीच्या जागेवर जादा डोस, आहे का आणि कुठे, तेही विचारा. गाठीची जागा घडीजवळ असेल तर बूस्टही तिथेच येणार. स्तन पूर्ण काढला असेल तर घडीचा प्रश्न नाही, पण छातीवर बोलस नावाचा जेलसारखा पट्टा ठेवून कातडीचा डोस मुद्दाम वाढवतात का, हे विचारून ठेवा. आणि गळपट्टीच्या हाडावरच्या लसिका गाठींनाही (लिम्फ नोड) रेडिएशन असेल तर किरण पाठीतून बाहेर पडतात, खांद्याच्या फऱ्यावर चट्टा उठू शकतो. पाठ बघायला दुसरं माणूस लागतं, ते आधीच ठरवा.

खांद्याचे व्यायाम तर ऑपरेशननंतर सांगितलेलेच असतात. हात डोक्यावर नेऊन स्थिर ठेवता आला पाहिजे, एवढंच. सिगारेट बंद. साखर असेल तर आटोक्यात. ल्युपस किंवा स्क्लेरोडर्मासारखा, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असा आजार असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, ते विचारतीलच असं धरून चालू नका.

आता फिल्म आणि मलम. दोन्हींचा निर्णय पहिल्या सिटिंगच्या आधी व्हायला हवा, कातडी लाल झाल्यावर नाही. मेपिटेल फिल्म म्हणजे सिलिकॉनचा पारदर्शक पातळ पापुद्रा, पहिल्या दिवसापासून चिकटवायचा, सिटिंगच्या वेळीही काढायचा नाही. कॅनडातल्या एका मोठ्या चाचणीत, जिचे निकाल 2023 मध्ये आले, मध्यम ते तीव्र त्रास फिल्म न लावलेल्यांत 45 टक्क्यांच्या आसपास होता, फिल्म लावलेल्यांत 15 च्या. फरक लहान नाही. लावायची पद्धत मात्र नर्सकडून शिकून घ्या: कातडी कोरडी, मलमाचा अंशही नको, फिल्म ताणायची नाही, हात वर करून लावायची. नाहीतर हात वर नेला की ओढ बसते. आणि घडीत ती सर्वांत आधी सुटते, घामाने. सुटलेली कड खाली गोळा होऊन घासत राहते. म्हणून आरसा, रोज. फिल्म लावली आहे म्हणून घडी बघायची गरज नाही, असं अजिबात नाही.

फिल्म नसेल तर मोमेटासोनसारखं स्टेरॉइड मलम पहिल्या दिवसापासून लावायला अनेक डॉक्टर सांगतात. त्यांनी लिहून दिलं तरच, पातळ हाताने आणि अखंड कातडीवर. सोबत साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. कोरफडीचं जेल सगळे सुचवतील, त्याचा उपयोग चाचण्यांत दिसलेला नाही. घरगुती लेप घेऊन कोणी दारात आलं तर आभार मानून बाजूला ठेवा. सिटिंगच्या आधी मलम चालतं का यावर प्रत्येकजण वेगळं सांगतो. पातळ, मुरलेल्या थराने फरक पडत नाही, जाड लिंपलं तर तो थरच बोलसचं काम करतो. तुमच्या सेंटरचा जो नियम असेल तो पाळा, वाद घालत बसू नका. घडीत तर मलम साचू द्यायचंच नाही. बोटाला लागेल एवढंच, बाकीचं पुसून टाका.

ब्रा: तार नको, लेस नको, खालचा पट्टा रुंद आणि सुती. घरात ब्राशिवाय राहा असं सरसकट सांगतात, ते लहान स्तनांना ठीक. जड स्तन आधाराशिवाय सोडला तर तो घडीवर टेकून बसतो आणि घडी दिवसभर ओली राहते. मऊ आधार हवाच. आडवं पडल्यावर काढायची, आणि घडीत मऊ सुती कापडाची एक घडी सरकवायची, कातडीला कातडी लागू नये म्हणून. ओलं झालं की बदलायचं. अशी धुतलेली कापडं पाच-सहा हाताशी ठेवा. सिटिंगला जाताना काढायला विसरू नका.

सिटिंग सुरू झाल्या की अंघोळ रोज. पाणी लावायचं नाही ही जुनी समजूत, धुतल्याने त्रास वाढत नाही. कोमट पाणी, सौम्य साबण, हाताने, घासणी नाही. किरणांची जागा दाखवणाऱ्या मार्किंगच्या रेघा रगडून घालवायच्या नाहीत. मग टिपून कोरडं करायचं, आणि टिपायची सुरुवात घडीपासून. स्तन उचला, टिपा, हात वर ठेवून दोन मिनिटं वारा लागू द्या. हेअर ड्रायर वापरलात तर फक्त थंड हवेवर. पावडर नाही, टाल्कम नाही, कुठलीच नाही. तिचे घामात भिजून गोळे होतात आणि ते घासतात. डिओडरंट नेहमी वापरत असाल तर कातडी अखंड असेपर्यंत चालतं. काखेतले केस तसेच राहू द्या. गरम पिशवी नको, बर्फ नको, चिकटपट्टी नको, पोहणं नको.

पहिले दोन आठवडे काहीच दिसणार नाही आणि तुम्ही सैल पडाल. फसू नका. किरणांचा मार बसतो तो त्वचेच्या तळाच्या, सतत नव्या होणाऱ्या पेशींना. वरचा थर झडेपर्यंत तो मार झाकलेलाच राहतो. शिवाय सावळ्या रंगावर लाली दिसेलच असं नाही. काळपटपणा, ऊब, ताणल्यासारखं वाटणं, खाज, यांवर लक्ष ठेवा. घडीत बोट फिरवून बघा, आधी ओलसर-बुळबुळीत लागतं, मग पांढुरकी साल, मग खालचा गुलाबी ओला भाग. बोटाला ओल लागली त्याच दिवशी सांगायचं, पुढच्या तपासणीची वाट बघायची नाही. लाल भागाच्या कडेला बारीक पुळ्या आणि खाज असेल तर बुरशीही असू शकते, तिचं औषध वेगळं, वरून स्टेरॉइड चोपडून ती बरी होत नाही. टेक्निशियन रोज बघतात म्हणून निश्चिंत राहू नका. तुम्ही उताणं झोपलेल्या असता, घडी त्यांना दिसतेच असं नाही. त्यांना तोंडाने सांगा: घडी बघा.

साल निघून लस येऊ लागली तर स्वतःचे प्रयोग बंद. सलाईनने धुणं, न चिकटणारं ड्रेसिंग, दुखण्यावर गोळी, सगळं त्यांना विचारून. त्या जागी स्टेरॉइड आणि डिओडरंट दोन्ही थांबवायचं.

शेवटची सिटिंग झाली म्हणजे संपलं नाही. कातडी सर्वांत वाईट दिसते ती त्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत, आणि 5 सिटिंगवाल्यांचं तर बहुतेक सगळं नंतरच उमटतं. तेव्हा मलम, मऊ ब्रा, कापड, घडी टिपणं, आरसा, सगळं चालू ठेवायचं. फिल्मही लगेच ओढून काढायची नाही. बऱ्याच जणींचं महिना-दीड महिन्यात भरून येतं. ताप, पू, दुर्गंधी, किंवा लाली भराभर पसरत असेल तर रात्र असली तरी फोन करा, नंबर आधीच मोबाइलमध्ये टाकून ठेवा. त्या भागावर ऊन वर्षभर तरी नको. नवी ब्रा घ्यायची घाई करू नका, सूज उतरेपर्यंत माप बदलत राहतं.