ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीला कच्च्या रस्त्याचे टायर: बेळगाव-खानापूर भागातील चालकांसाठी

डस्टर, ग्रँड व्हिटारा, एक्सयूव्ही ५०० यांसारखी गाडी चारही चाकांना ओढ देणाऱ्या प्रकारात घेतली, तरी कारखान्यातून येणारे टायर मुख्यतः डांबरी रस्त्याचा विचार करून बसवलेले असतात. ते झिजले की 'आता जरा दणकट टायर घालू' असा विचार बहुतेकांच्या मनात येतो आणि तो चुकीचा नाही. परंतु दुकानात जाण्यापूर्वी, वर्षभरात आपली चाके नेमकी कोणत्या जमिनीवरून फिरतात, याचा हिशेब कागदावर मांडावा. बेळगावचा माणूस जांबोटीजवळच्या शेतावर जातो तेव्हा प्रवासाचा जवळजवळ सगळा भाग डांबरी असतो आणि शेवटची दोन किलोमीटर तेवढी पाणंद असते. ती दोन किलोमीटर लक्षात राहतात, डांबर लक्षात राहत नाही, आणि टायर त्या दोन किलोमीटरसाठी विकत घेतले जातात. येथेच पहिली चूक होते.

आपल्याकडची जमीनही एकसारखी नाही. पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, हेमाडगा या पट्ट्यात जांभा, तांबडी माती आणि मुरूम आहे. तेथे वरचा चिखल पातळ आणि खालचा थर टणक असतो, त्यामुळे टायरच्या नक्षीतील मोकळ्या खाचा चिखल बाजूला सारून खालच्या मुरमाला धरतात. अशा ठिकाणी ए/टी, म्हणजे ऑल-टेरेन टायर खरोखर उपयोगी पडतो. पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्ती, अथणीकडे वळले की काळी माती लागते, आणि तिचा स्वभाव वेगळा आहे. ओली काळी माती खाचांत भरते, तेथेच चिकटून बसते, आणि चाकाच्या दोन-चार फेऱ्यांतच नवाकोरा टायर गोटा होऊन जातो. खूप मोकळ्या नक्षीचा एम/टी, म्हणजे खास चिखलासाठीचा टायर वेगाने फिरवून माती झाडून टाकता येते, पण तेवढा जोर आणि तेवढी उंची या जातीच्या गाड्यांत नसते. भर पावसात काळ्या शिवारात ट्रॅक्टरवालाही दहा वेळा विचार करतो. तेथे गाडी डांबरावर उभी करून चालत जावे, असाच माझा सल्ला आहे; त्यासाठी कोणताही टायर विकत घेऊ नये.

टायरचे तीन ढोबळ प्रकार दुकानात ऐकू येतात. एच/टी हा महामार्गाचा, शांत आणि इंधन वाचवणारा. एम/टी हा चिखलाचा. डांबरावर त्याचा आवाज मोठा असतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला अंतर जास्त लागते, त्यामुळे आपल्या विषयातून तो वगळावा. मधला ए/टी, पण त्यातही सौम्य आणि आक्रमक असे दोन गट पडतात आणि हा फरक दुकानदार सहसा सांगत नाही. सौम्य ए/टीच्या मधल्या भागातील ठोकळे एकमेकांना लागून असतात, त्यांवर बारीक चिरा भरपूर असतात आणि खांद्याकडे, म्हणजे नक्षीच्या दोन्ही कडांना, तेवढ्या खाचा मोकळ्या सोडलेल्या असतात. जुलै महिन्यात चोर्ला घाटात डांबरावरून पाणी वाहत असते, तेव्हा गाडीला धरून ठेवण्याचे काम या बारीक चिरा आणि रबराचा मऊपणा करतो. ठोकळ्यांचा रुबाब तेथे कामाला येत नाही. म्हणून आपल्या भागासाठी सौम्य ए/टी, आणि ज्यांची पाणंद पावसाळ्यातही मुरमाची आणि बरी असते त्यांच्यासाठी चांगला एच/टी, एवढीच निवड खरी आहे. टायरच्या बगलेवरील 'एम+एस' (मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही अक्षरे कंपनी नक्षीच्या रचनेवरून स्वतःच छापते, त्यासाठी पकडीची चाचणी द्यावी लागत नाही. आणि तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेले चिन्ह बर्फावरील चाचणीचे असते. त्या चिन्हासाठी बेळगावात जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

आता मापाकडे वळू. डस्टर ऑल-व्हील-ड्राइव्हवर २१५/६५ आर १६ हे माप येते. २१५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे बगलेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आणि १६ म्हणजे रिमचा इंचातील व्यास. हिशेब केल्यास बगल सुमारे १४० मिलिमीटर आणि चाकाचा पूर्ण व्यास सुमारे ६८६ मिलिमीटर भरतो. ग्रँड व्हिटाराच्या २१५/६० आर १७ चा व्यास ६९० मिलिमीटर होतो. अनेकांना मोठे माप घालण्याचा मोह होतो. त्याच १७ इंची रिमवर २२५/६५ घातल्यास व्यास ७२४ मिलिमीटरवर जातो, म्हणजे पाच टक्क्यांची वाढ होते. काट्यावर १०० दिसताना गाडी प्रत्यक्षात पूर्वीपेक्षा पाच टक्के अधिक वेगाने धावते, चढावर गिअर जड वाटतो, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवले की चाक मडगार्डला घासण्याची भीती राहते. २२५/६० आर १७ घेतल्यास वाढ पावणेदोन टक्क्यांच्या आसपास राहते, पण मिळते काय, तर व्यासात १२ मिलिमीटर आणि जमिनीपासूनच्या उंचीत त्याच्या निम्मे, म्हणजे फक्त ६ मिलिमीटर. एवढ्यासाठी कंपनीचे माप सोडावे, असे मला वाटत नाही. सोडायचेच असेल, तर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या पर्यायी मापांपुरतेच सोडावे.

मापापुढील आकडा आणि अक्षर लोक वाचतच नाहीत. ९६एच असे लिहिले असेल, तर तो टायर ७१० किलो वजन आणि ताशी २१० किलोमीटर वेग पेलतो. ९८ म्हणजे ७५० किलो आणि १०० म्हणजे ८०० किलो. मूळ टायरपेक्षा हा वजनाचा आकडा कधीही कमी असू नये. त्याचबरोबर मापाच्या आधी किंवा नंतर 'एलटी' अक्षरे दिसली, तर तो टायर हलक्या ट्रकसाठी घडवलेला आहे हे ओळखावे. तो जड असतो आणि तेवढेच वजन पेलण्यासाठी त्यात जास्त हवा भरावी लागते, त्यामुळे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत लिहिलेला हवेचा आकडा त्याला लागू होत नाही. आपल्या गाडीला तो टणक बसतो, आणि खानापूरच्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचतो.

बगलेच्या मजबुतीकडे मात्र आपल्या भागात नक्की पाहावे. चिकोडी, रायबाग, निपाणीकडे उसाच्या फडातून वाट काढताना तिरके तोडलेले बुडखे टायरच्या बगलेत घुसतात, आणि बगल फाटली की पंक्चरवाला काहीही करू शकत नाही. जांभ्याच्या धारदार कडाही तेच करतात. बगलेत पॉलिएस्टरचा एक पदर आहे की दोन, हे बहुतेक टायरवर छापलेले असते. दोन पदरांचा घ्यावा. (उद्यमबागेत रोज गाडी लावणाऱ्यांचे दुखणे वेगळे आहे. लेथचा कीस नक्षीत रुततो. त्यावर जाड नक्षी हाच थोडाफार उपाय.)

यापुढील भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो मी स्वतः पैसे मोजून शिकलो आहे. माझ्या गाडीचे पुढचे दोन टायर मागच्यांपेक्षा लवकर झिजले, तेव्हा दुकानदाराने 'पुढचे दोनच बदला, मागचे अजून वर्षभर चालतील' असे सांगितले आणि मी ते ऐकले. मागच्या टायरवर सुमारे चार मिलिमीटर नक्षी उरली होती, नव्या ए/टीवर नऊ होती. पुढच्या चाकांची त्रिज्या पाच मिलिमीटरने वाढली, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या फेऱ्यांत सुमारे दीड टक्क्याचा फरक कायमचा पडला. अशा गाड्यांत पुढची आणि मागची चाके क्लचसारख्या एका कपलिंगने जोडलेली असतात, आणि चाके वेगवेगळ्या गतीने फिरू लागली की एक चाक घसरते आहे असे संगणक समजतो. माझी गाडी महामार्गावर सरळ चालली असतानाही तिला सतत घसरल्याचा भास होत होता, आणि ते कपलिंग घासून तापत होते. हुबळीहून परतताना इशाऱ्याचा दिवा लागला. शेवटी मागचे दोन टायरही घ्यावे लागले, वर तेल बदलण्याचा खर्च आला तो वेगळाच.

म्हणून साध्या गाडीचा 'दोन-दोन बदलण्याचा' नियम येथे लावू नये. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, एकाच मापाचे आणि जवळजवळ सारखेच झिजलेले हवेत. किती फरक चालतो, हे प्रत्येक कंपनी आपल्या पुस्तिकेत देते. सुबारू ही जपानी कंपनी घेरात पाव इंचापेक्षा, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही, आणि घेरातील एवढा फरक नक्षीत जेमतेम १ मिलिमीटरच्या फरकाने पडतो. नक्षीची खोली मोजण्याचे छोटे मापक फारसे महाग नसते. ते गाडीत ठेवावे आणि दर दोन महिन्यांनी प्रत्येक चाक आतून, मधून आणि बाहेरून मोजावे. चाकांची अदलाबदल दर आठ ते दहा हजार किलोमीटरनंतर करावी.

यातूनच स्टेपनीचा प्रश्न निघतो. शक्य असेल तर चार नव्हे, पाच टायर घ्यावेत आणि अदलाबदलीच्या फेऱ्यात पाचवे चाकही धरावे. मग उसाच्या बुडख्याने एक टायर गेला, तरी तेवढाच झिजलेला पाचवा हाताशी असतो. स्टेपनी लहान, अरुंद मापाची असेल, तर हा मार्ग बंद होतो; अशा वेळी ती लावून पुस्तिकेत सांगितलेल्या वेगातच, थेट जवळच्या दुकानापर्यंत जावे, आणि पुढची-मागची चाके एकत्र बांधणारे लॉकचे बटण दाबू नये.

खरेदीच्या वेळी बगलेवर लंबवर्तुळात छापलेले चार आकडे पाहावेत. ३२२४ असे असेल, तर तो टायर २०२४ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. वर्षाहून जुना माल नव्याच्या भावाने घेऊ नये, आणि पाचही टायर शक्यतो एकाच सुमाराचे मागावेत. आयएसआय खूण आहे ना, हेही पाहून घ्यावे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध घातल्यानंतर काही परदेशी नमुने मिळेनासे झाले किंवा उशिरा मिळू लागले. त्यामुळे एखादा टायर कितीही नावाजलेला असला, तरी त्याच नक्षीचा एक टायर दोन वर्षांनी बेळगाव, कोल्हापूर किंवा हुबळीत मिळेल का, हे आधी विचारावे. अपोलो, एमआरएफ, सीएट, जेके, योकोहामा या कंपन्यांचे टायर येथे तयार होतात. एमआरएफचा एक कारखाना तर आपल्या घाटाखाली गोव्यात, उसगावला आहे. पण मापानुसार नमुने बदलतात. १६ इंचाच्या मापात ए/टीची निवड भरपूर आणि १८ इंचात ती कमी, असा माझा अनुभव आहे.

वेळ साधायची तर मृग लागण्याआधी, मे महिन्यात टायर बदलावेत. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातील तेलकटपणा राहिलेला असतो, तो जाईपर्यंत पहिली दोन-तीनशे किलोमीटर सावकाश चालवावे, आणि ती कोरड्या रस्त्यावर झालेली बरी. बसवतानाच व्हॉल्व्ह नवे घालून घ्यावेत, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करावे, आणि शंभर किलोमीटरनंतर नट एकदा पान्याने तपासावेत. नायट्रोजन भरण्याचा आग्रह झाला, तर साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, हे हसून सांगावे.

हवेचा दाब दाराच्या पट्टीवर लिहिला आहे तेवढाच ठेवावा, आणि तो सकाळी, चाके थंड असताना मोजावा. मुरमाच्या घसरड्या चढावर गाडी अडलीच, तर चारही चाकांत हवा २२ पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि पकड वाढते. १८ च्या खाली मात्र जाऊ नये, कारण वळणावर टायर रिममधून सुटू शकतो. एवढी हवा उतरवल्यावर ताशी वीस-पंचवीसच्या वर गाडी नेऊ नये, आणि डांबर लागताच सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणाऱ्या छोट्या पंपाने हवा पूर्ववत करावी; तो पंप नसेल, तर हवा उतरवण्याच्या भानगडीत पडू नये. हेमाडग्याकडे भीमगड अभयारण्य आहे. तेथे रस्ता सोडून गाडी घालण्यास मनाई आहे, आणि नवे टायर आजमावण्यासाठी ती जागा नव्हे. आपली पाणंद, आपल्या ओळखीचा चढ आणि पहिला चांगला पाऊस पडून गेल्यानंतरची सकाळ, एवढ्यावर टायरची परीक्षा होते. त्या सकाळी परत आल्यावर खाचांत किती माती अडकून राहिली आहे, हे खाली वाकून पाहावे. मुरमाची माती अर्ध्याहून जास्त खाचांत तशीच भरलेली दिसली, तर पुढच्या वेळी खांद्याकडे थोडी आणखी मोकळी नक्षी निवडावी.