समुद्रकाठची आकृती तैलरंगात: पारदर्शक लेपांनी चित्र कसे रंगवावे

वाळलेल्या रंगावर तेलात पातळ केलेल्या पारदर्शक रंगाचा लेप दिला, की त्याला ग्लेझ म्हणतात. प्रकाश या लेपातून आत शिरतो आणि खालच्या फिकट थरावरून परततो. म्हणूनच लाटेच्या पोटातला हिरवा उजेड लेपांतून जसा साधतो, तसा पॅलेटवर रंग मिसळून साधत नाही. मात्र पारदर्शक लेप खालचा रंग गडद करतो, उजळ करत नाही, त्यामुळे चित्राचे भवितव्य पहिल्या एकरंगी थरातच ठरते.

मुंबईतल्या वेसाव्याच्या किनाऱ्यावर, मासळीची पाटी शेजारी ठेवून उभी असलेली कोळीण हा विषय घेऊ. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सूर्य समुद्राच्या बाजूला मावळतो, म्हणून संध्याकाळी समुद्राकडे पाहताना आकृतीच्या फक्त कडा उजळतात आणि बाकीचे अंग सावलीत राहते. लेपांचे खरे सौंदर्य सावलीतच खुलते, त्यामुळे ही वेळ निवडावी.

जेसो (रंग धरून ठेवणारा पांढरा अस्तर-लेप) लावलेल्या कॅनव्हासवर रेखाटन करून रॉ अंबर हा तपकिरी आणि टायटॅनियम व्हाइट हा पांढरा या दोनच रंगांत संपूर्ण छायाप्रकाश रंगवावा. क्षितिजरेषा आकृतीच्या मानेवरून जाऊ देऊ नये. रंग पातळ करायला तेल न घालता थोडे टर्पेंटाइन वापरावे आणि सगळ्या छटा अखेरीस हव्या असतील त्यापेक्षा स्पष्टपणे फिकट ठेवाव्यात. खांद्याची कड, फेस आणि ओली वाळू येथे पांढरा रंग जाडसर द्यावा. हा थर हाताला पूर्ण कोरडा लागेपर्यंत थांबावे; पावसाळ्यात त्याला अधिक दिवस लागतात.

लेपासाठी सुरुवातीला एक भाग स्टँड ऑइल (उष्णतेने घट्ट केलेले जवसाचे तेल) आणि दोन भाग टर्पेंटाइन असे मिश्रण घ्यावे आणि पुढच्या प्रत्येक लेपात तेल किंचित वाढवावे, कारण तेलकट थरावर कमी तेलाचा थर चढवला तर पुढे तडे जातात. अल्ट्रामरीन (निळा), व्हिरिडियन (हिरवा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) हे पारदर्शक रंग या कामाला योग्य आहेत. कॅडमियमचे रंग अपारदर्शक असतात, तर ॲलिझरिन क्रिमसन हा गडद लाल रंग पातळ लेपात उडतो. त्याऐवजी क्विनाक्रिडोन रोझ घ्यावा.

समुद्रावर व्हिरिडियन आणि अल्ट्रामरीनचा लेप मऊ कुंचल्याने पसरून सुती फडक्याने हलकेच टिपावा, म्हणजे लाटांच्या माथ्यावर खालचा उजेड टिकतो. त्वचेवर आधी बर्न्ट सिएना द्यावा आणि तो वाळल्यावर फक्त सावलीवर अल्ट्रामरीनचा अगदी विरळ लेप द्यावा. ओली वाळू मावळतीचे आकाश खालून परावर्तित करते. म्हणून हनुवटीखाली आणि दंडाच्या खालच्या बाजूला निळा लेप टिपून काढून तांबूस उब राखावी. येथे घाई केली तर चेहरा राखेसारखा दिसतो. समुद्राचाच निळा लेप लुगड्याच्या चुण्यांतही फिरवावा. एवढ्याने आकृती चिकटवल्यासारखी न वाटता त्याच हवेत उभी राहते.

फेसाचे शेवटचे ठिपके पांढऱ्यात किंचित पिवळा मिसळून अपारदर्शक रंगाने द्यावेत. चित्र अंधाऱ्या खोलीत वाळवू नये, कारण जवसाचे तेल अंधारात अधिक पिवळे पडते. वॉर्निश किमान सहा महिन्यांनी लावावे. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकावीत.