टोमॅटो, कोबी आणि प्रोस्टेट: शिजवायचं कसं?

पन्नाशीनंतर प्रोस्टेटची (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची) काळजी वाटू लागली की लोक आधी गोळ्या शोधतात. माझा आग्रह आहे, आधी कढईकडे वळा. भाज्यांमधल्या द्रव्यांनी प्रोस्टेटचा कॅन्सर बरा होतो, असं सिद्ध झालेलं नाही. पण धोका कमी होण्याची शक्यता दिसते, आणि ती बरीचशी शिजवण्यावर अवलंबून आहे.

टोमॅटो तेलात परता. लाल रंग देणारं लायकोपीन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. कच्च्या फोडींतून ते फारसं अंगी लागत नाही. म्हणून चार पिकलेले टोमॅटो चिरून दोन चमचे तेलात मंद आचेवर ठेवा, कडेनं तेल सुटेपर्यंत. सुटलेलं तेल केशरी दिसलं की समजा, लायकोपीन त्यात उतरलं. (प्लास्टिकच्या डब्याला बसणारा लाल डागही त्याचाच.) हार्वर्डच्या संशोधकांनी सुमारे 47,000 पुरुषांची माहिती 1995 मध्ये मांडली. आठवड्यात दहापेक्षा जास्त वेळा टोमॅटोचे पदार्थ खाणाऱ्यांत हा कॅन्सर, दीडपेक्षा कमी वेळा खाणाऱ्यांच्या तुलनेत, 35 टक्के कमी आढळला. हे निरीक्षण आहे, पुरावा नव्हे. नंतरचे निष्कर्ष संमिश्र आहेत.

कोबी, ब्रोकोली आधी चिरून ठेवा. सुरी लागली की पेशी फुटतात, मायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) मोकळं होतं आणि त्याच्यामुळे सल्फोराफेनसारखी द्रव्यं तयार होतात. उष्णतेनं हे विकर मरतं. म्हणून चिरल्यावर अर्धा-पाऊण तास थांबा, मग झाकण ठेवून थोडीच वाफ द्या. भाजी आधीच शिजली असेल तर वरून चमचाभर फेसलेली मोहरी घाला. ती फेसताना नाकात जाणारा झणका याच विकराचं काम! फोडणीतल्या मोहरीत मात्र ते उरत नाही.

हळदीसोबत मिरी घाला. मिरीमुळे हळदीतलं कर्क्युमिन हे द्रव्य जास्त शोषलं जातं. आमटी-भाजीपुरती हळद पुरे.

कॅप्सूलपासून लांब राहा. अमेरिकेत 35,000 हून अधिक पुरुषांवर सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाची चाचणी झाली. 2011 मध्ये कळलं, नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर उलट 17 टक्के वाढला होता. हळदीच्या कॅप्सूलनं यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नका.

लघवीची धार बारीक झाली, रात्री वारंवार उठावं लागलं किंवा लघवीत रक्त दिसलं, तर थेट यूरॉलॉजिस्टकडे (मूत्रविकारतज्ज्ञाकडे) जा. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल, तर पीएसए या रक्ततपासणीबद्दल पन्नाशीच्या आधीच विचारा.