म्हाताऱ्या कुत्र्याचे यकृत आणि चालू औषधे

वयस्क कुत्र्याच्या रक्ततपासणीत एएलटी किंवा एएलपी (यकृताच्या तपासणीत मोजली जाणारी एन्झाइम्स) वाढलेले दिसले, तर घाबरण्याआधी चालू औषधांची नावे, मात्रा आणि पहिल्या गोळीची तारीख लिहून काढावी. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड किंवा फिट्सवरील फिनोबार्बिटल यांमुळे एएलपी बरेचदा चढते, त्यामुळे तो आकडा एकटा फारसे सांगत नाही. एएलटीची वाढ मात्र यकृताच्या पेशींना इजा झाल्याचे सुचवते. सांधेदुखीसाठी कारप्रोफेन सुरू केल्यावर, विशेषतः पहिल्या ३-४ आठवड्यांत, कुत्रा वाडगे नुसते हुंगून परत फिरू लागला, उलट्या झाल्या किंवा ओठ उचलून पाहिल्यावर हिरड्या पिवळसर दिसल्या, तर पुढची गोळी देऊ नये आणि त्याच दिवशी पशुवैद्यांना गाठावे. फिनोबार्बिटल आणि स्टेरॉइड मात्र आपल्या मनाने एकाएकी थांबवू नयेत.