नॅरोबोटीवर राहायला जाताय? टिलरला घाबरू नका, या चुकांना घाबरा

इंग्लंडच्या कालव्यांवर पहिल्यांदा नॅरोबोट, म्हणजे कालव्यांसाठीची लांब, अरुंद बोट, हाती घेणारा माणूस सगळ्यात जास्त घाबरतो तो टिलरला. टिलर म्हणजे बोटीच्या मागच्या टोकाला उभं राहून धरायचा सुकाणूचा दांडा. तो डावीकडे ढकलला की बोटीचं नाक उजवीकडे जातं. पहिल्या तासाभरात चारदा काठाला धडकायचं, समोरून येणाऱ्यांची माफी मागायची, आणि संध्याकाळपर्यंत हात बसतो. बोट पोलादी, वेगाची मर्यादा ताशी ४ मैल. फार तर रंग खरवडला जातो. बोट बुडते किंवा थंडीत राहण्यालायक उरत नाही ती भलत्याच कारणांनी, आणि आम्हा नवराबायकोला ती एकेक करून, बहुतेक वेळा हात पोळल्यावर कळली.

टिलरची एक चूक मात्र सांगतो. समोर बोट दिसली की नवखा घाबरून इंजिन न्यूट्रलला टाकतो. बोटीच्या पंख्याने (प्रोपेलरने) ढकललेलं पाणी सुकाणूवर आदळतं तेव्हाच बोट नीट वळते. पंखा थांबला की टिलर नुसता हातात राहतो. वेग आधीच कमी करा, पण ऐन वळणावर थोडी रेस ठेवा. आणि काहीही झालं तरी धडक वाचवायला हात-पाय मध्ये घालू नका. ५७ फुटी बोटीचं वजन १५ टनांच्या आसपास असतं. तुमचा पाय तिला थांबवणार नाही.

लॉकमधली सिल

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात. अठराव्या शतकात अभियंता जेम्स ब्रिंडलीने मिडलंड्समधल्या (मध्य इंग्लंडमधल्या) कालव्यांची लॉक्स सुमारे ७ फूट रुंद ठेवली, म्हणून आपली बोट ६ फूट १० इंच. या लॉकमध्ये दोन्ही बाजूंना उरते ती इंचभर फट. नवख्याचं सगळं लक्ष त्या फटीकडे. धोका असतो मागे, पाण्याखाली.

लॉकच्या वरच्या दरवाजाखाली आतल्या बाजूला एक दगडी किंवा काँक्रीटची पायरी पुढे आलेली असते. तिला सिल म्हणतात. लॉक भरलेलं असताना ती दिसत नाही. तुम्ही खाली उतरताय, पाणी झपाट्याने कमी होतंय, आणि बोटीची शेपटी त्या पायरीवर अडकली, तर मागची बाजू वरच राहते आणि नाक पाण्याबरोबर खाली जातं. पुढच्या डेकवरून पाणी आत शिरायला लागलं की बोट बुडायला मिनिटं पुरतात.

काठावर एक पांढरी रेघ रंगवलेली असते, ती याच्याचसाठी. उतरताना संपूर्ण बोट, सुकाणूसकट, त्या रेघेच्या पुढे हवी. डेव्हायझेसला केन हिलवर २९ लॉक्स आहेत, त्यातली १६ एका सरळ रांगेत. पहिल्या चारात सगळे सावध असतात. बाराव्यात गप्पा सुरू होतात. आमची शेपटी अडकली तीही अशीच, दिवसाच्या शेवटच्या लॉकमध्ये. मला आधी कळलं ते आवाजावरून: स्वयंपाकघरातले डबे एकेक करून घरंगळायला लागले. मी ओरडलो, "बंद कर, बंद कर!" बायको विंडलास (पॅडल फिरवायचं हँडल) घेऊन पॅडलपाशी, म्हणजे पाणी सोडायच्या झडपेपाशीच, उभी होती म्हणून वाचलो.

असं झालं तर क्रम लक्षात ठेवा. आधी खालच्या दरवाजांची पॅडल्स बंद, म्हणजे पाणी जायचं थांबेल. मग वरची पॅडल्स हळूहळू उघडायची, म्हणजे बोट पुन्हा तरंगेल. घाईत वरची धाडकन उघडलीत तर तोच लोंढा पुढच्या डेकवर येईल. वर चढताना उलटा धोका: नाक दरवाजाच्या आडव्या तुळईखाली अडकतं. तेव्हा वरची बंद, खालची उघडी. विंडलास ज्याच्या हातात, त्याचे डोळे बोटीवर. फोटो नंतर.

पंख्यात काहीतरी अडकलं

इंजिनाचा आवाज जड झाला, धूर वाढला, बोट मात्र पुढे सरकेना. पंख्यात पिशवी, दोरी किंवा गवत अडकलंय. इंजिनाच्या कप्प्यात वीड हॅच असतो. त्याचं झाकण काढून हात घालायचा. आधी इंजिन बंद, आणि किल्ली खिशात. लंडनमधल्या भारतीय वस्तीच्या साउथॉलजवळ आमच्या पंख्यातून निघाली ती अख्खी साडी. बायको म्हणाली, काठ मात्र चांगला होता.

खरी चूक पुढे होते. झाकण अर्धवट बसवून निघतात. पंखा फिरायला लागला की पाणी उसळून आत येतं, आणि बोट त्या भोकातून भरते. झाकण घट्ट करा, इंजिन सुरू करून थोडा गिअर टाका, आणि आत डोकावून बघा. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. पावसाळ्यातला लेप्टो मुंबईकरांना सांगायला नको. तोच आजार इथल्या पाण्यातूनही होतो.

वीज संपते कशी

जून महिन्यात बोट घेतलेल्यांचा हा गोड गैरसमज: छतावर सोलर आहे, मग काळजी कसली? डिसेंबरात लंडनला जेमतेम आठ तास उजेड, तोही तिरपा आणि ढगाआडचा. तेव्हा बॅटऱ्या इंजिनावरच भरायच्या, आणि मुक्कामी असताना रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन चालवायचं नाही असा नियम.

लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नका. थोडा वेळ विश्रांती दिल्यावर १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. तासभर इंजिन चालवून 'भरली' म्हणणं ही सगळ्यांची आवडती चूक. शेवटचे वीसेक टक्के फार सावकाश भरतात. त्याला कित्येक तास लागतात. आठवड्यातून एकदा तरी ती पूर्ण भरली नाही, तर दोन हिवाळ्यांत बॅटऱ्या भंगारात.

आणि आपला मिक्सर! ७५० वॉटचा मिक्सर १२ व्होल्टवर ६० अँपियरहून जास्त ओढतो. चटणी इंजिन चालू असतानाच वाटा. विजेची किटली तर विसराच, चहा गॅसवर.

भात, वाफ आणि बंद खिडक्या

एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ होते. त्यात कुकरच्या शिट्ट्या, आत वाळत घातलेले कपडे. सकाळी गादीखाली हात घालून बघा. मग माणूस वैतागून थंडी अडवायला झरोक्यांत चिंध्या कोंबतो, आणि तिथे जीवावर बेततं. शेगडीचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही. २०१९ पासून राहत्या बोटींवर त्याचा अलार्म सक्तीचा आहे, पण अलार्म म्हणजे झरोका नव्हे. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी, बिल्जमध्ये साचतो. सिलिंडर घेताना निळा ब्युटेन नको, लाल प्रोपेनच. ब्युटेनची शून्याच्या आसपास वाफच होत नाही.

चौदा दिवसांचा हिशेब

कायमचं मूरिंग, म्हणजे बोट बांधायची ठरलेली जागा, न घेता फिरत राहायचं असेल, तर १९९५ च्या कायद्याप्रमाणे एका जागी १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. काही जण पुढच्या पुलापर्यंत जातात आणि परत येतात. कालव्यांचा कारभार पाहणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टचे लोक बोटींच्या जागा टिपतात, आणि लायसन्सच्या नूतनीकरणाला ते पुढे येतं. नोकरी, शाळा, डॉक्टर एकाच गावात हवे असतील तर मूरिंगचे पैसे आधीच धरा.

बोट विकत घेतानाची चूक दोन ओळींत: आतल्या लाकडी कामावर भुलून सौदा करू नका. बोट पाण्याबाहेर काढून पोलादाची जाडी मोजून घ्या, आणि तळाला दर दोन-तीन वर्षांनी डांबरी काळा रंग द्यायचाय हे लक्षात ठेवा.

नदी म्हणजे रुंद कालवा नव्हे

कालव्यात पाणी जवळजवळ थांबलेलं असतं, नदीत ते तुम्हाला बंधाऱ्याकडे ओढत नेतं. टेम्सवर लॉकपाशी लाल पाटी दिसली की प्रवाह जोराचा आहे. नॅरोबोटीने निघू नये. पिवळी असेल तर पाणी चढतंय की उतरतंय ते नीट वाचा. काठाला दोर बांधताना थोडी ढील ठेवा, कारण रात्रीत पाणी चढलं तर ताठ दोर बोटीला तिरकी करतो. आणि नदीत शिरण्याआधी नांगर बघा. पहिल्या वर्षी आमचा पलंगाखाली होता, बटाट्यांच्या पोत्यामागे, आणि साखळी दुसऱ्याच कपाटात. आता तो पुढच्या डेकवर असतो, साखळीचं टोक बोटीला पक्कं केलेलं.