नडगीवरची पांढरी रेघ अखेर गेली

त्वचा इतकी कोरडी, की नडगीवर नखाने ओढलं की पांढरी रेघ उमटायची, मोजे काढले की आतून कोंडा सांडायचा. दिवसातून चारदा लोशन चोपडायचे, तरी तासाभरात त्वचा पुन्हा ताणलेली. चूक लावण्याच्या वेळेत होती. आता कोमट पाण्याने ५-१० मिनिटांत अंघोळ उरकते, अंग खसाखसा न पुसता नुसतं टिपते आणि ओलसर असतानाच घट्ट क्रीम लावते. लोशनमध्ये पाणीच जास्त, ते उडून जातं. क्रीममधले ग्लिसरीन आणि युरिया ओलावा धरून ठेवतात, पेट्रोलियम जेली तो उडू देत नाही. टाचांना १० टक्के युरियाचं क्रीम लावते. पण भेगेत ते फार झोंबतं, तिथे रात्री फक्त जेली आणि वर सुती मोजे. सुगंधी साबण बंदच केला. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल तर मात्र थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. माझी रेघ दोन आठवड्यांत उमटेनाशी झाली.